देव्हाऱ्यासमोरचा फोन

आमच्या शेजारच्या राजश्रीताई संकष्टीला ऑर्डरचे उकडीचे मोदक करतात. नेरूळमधल्या कितीतरी घरांत त्यांचेच मोदक जातात, आणि ते वळायला असते मी. पीठ मात्र लांज्याहून येतं. तिथे त्यांची मावसबहीण शर्मिला तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळते. दोघींची भागी आहे. म्हणजे एक तिकडून थापा मारते आणि दुसरी इकडे डोकं धरून बसते.

"पीठ निघालं का गं?"

"आत्ताच गाडीत टाकलं गो ताई."

गाडी यायची, पीठ नाही. खोदून विचारावं तर तांदूळ अजून डब्यातच. मागच्या महिन्यात तर लोकांना नाही म्हणायची वेळ आली. ओरडून झालं, रुसून झालं, काही उपयोग नाही. त्यात अंगारकी तोंडावर आलेली. देवळाची मोठी ऑर्डर होती आणि पुजारीकाकांनी सरळच सांगितलं होतं, या वेळी घोळ झाला तर पुढचं काम दुसरीकडे देणार.

तेव्हा ताईंनी शक्कल काढली. यापुढे पिठाचं बोलणं व्हिडिओवर, तेही देव्हाऱ्यासमोर बसून. दोघींनी दिवा लावायचा, मग तोंड उघडायचं. शर्मिला कशीही असो, दिव्यापुढे खोटं बोलणार नाही.

मला हे पटलं नाही. म्हटलं, "ताई, बाप्पाला मुकादम करताय का?"

"मग तू जा लांज्याला!"

दिवे लागले. ताईंनी विचारलं, "तांदूळ?"

शर्मिलाने देवाकडे बघितलं, पदराने तोंड पुसलं. "अजून धुतले पण नाय गो. उद्या नक्की." मग एकदम म्हणाली, "आता तू सांग. दर वेळी पीठ छान म्हणतेस. छान असतं?"

मी वातीकडे बघत बसले. मला माहीत होतं ना सगळं.

"पारीला चिरा पडतात," ताई शेवटी म्हणाल्या. "बाजारचं पीठ मिसळते मी."

"आणि हे आज सांगतेस? अगो, जुने तांदूळ संपवत होते मी! तू छान म्हणायचीस, मी तेच दळायची!"

मग जे भांडल्या! देवासमोर, दिवा विझेपर्यंत. कप्पाळ माझं.

पण अंगारकीच्या आदल्या दिवशी नव्या तांदळाचं पीठ आलं. उकड लोण्यासारखी. देवळात मोदक वेळेवर पोचले, पुजारीकाकांनी पुढच्या महिन्याचंही सांगितलं. ताईंनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच फोन लावला.

"शर्मिले, एकपण फुटला नाही!"

"ओट्यावरून सांगतेस होय? देव्हाऱ्यासमोर जा, मग बोल."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी पिठाच्या हाताने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. पाय आपटत गेल्या.

"दोन फुटले," आतून आवाज आला.