तीस अँपिअरचा फ्यूज

घरात बायकोला न्हाय, गॅरेजवर कुणाला न्हाय — ही गोष्ट माझ्या तोंडातनं आजपातूर बाहेर पडलेली न्हाय. तुमाला सांगतोय, कारण तुमी मला ओळखत न्हाय. ओळखणाऱ्याला सांगायची धमक माझ्यात न्हाय, उगं कशाला खोटं बोलू?

पिंपळीला, बारामती-इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज हाय. वायरिंग आन् स्टिअरिंगच्या कामात माझा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात कोण न्हाय. बढाई समजा हवं तर. पुढं जे सांगणार हाय ते ह्या बढाईपायीच झालं — न्हाय, थांबा. बढाईपायी न्हाय. दुसरंच काहीतरी होतं. येतो त्याच्यावर.

चार वर्षांमागं सोनवणे साहेब माझ्याकडं आले. मूळचे लासुर्ण्याचे, सरकारी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, आता बारामतीत बंगला. बायको शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्याबी रिटायर. आन् ह्या वयात साहेबांनी घेतलं काय, तर पन्नास वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी! दोन दारं, दोनच शिटा, रंग लालभडक, आन् बूड इतकं खाली की स्पीडब्रेकर आला की घासलंच. आमच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या पळतात, त्यात हे खेळणं! बघूनच मला चीड आली. म्हणलं, म्हातारचळ लागलाय, दुसरं काय.

मी मुद्दाम विचारलं, साहेब, हीच गाडी का? मला वाटलं काहीतरी रडगाणं ऐकवतील — ल्हानपणी कुणाच्या बंगल्यावर बघितली, वडील धुवायचे, आमाला हात लावू देत नव्हते, आसलं. तसं सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, च्या पाजला असता. ते म्हणाले, "आवडली म्हणून घेतली."

बास. येवढंच. आन् का कुणास ठाऊक, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का कुणास ठाऊक? बघा, परत खोटं बोललो. ठाऊक हाय की. सोनवणे साहेब बौद्ध. गेटातनं आत येताना ते "जय भीम, राजाभाऊ" म्हणायचे, आन् मी "हां हां, या" म्हणायचो. एकदाबी जय भीम म्हणलो न्हाय. गिऱ्हाईक म्हणून चालायचे. साहेब म्हणून आले असते तर सलामबी ठोकला असता. पण ह्यांनी हौस करायची? तीबी कारण न सांगता? ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तोंडानं मी आसलं कधी बोललो न्हाय हं. मनात मात्र रोज बोललो.

त्यांची अडचण उजव्या खांद्याची होती. ऑपरेशन झालेलं. जुन्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायचं म्हणजे पैलवानालाबी घाम फुटतो. डॉक्टरनी तर बजावलेलं — हात वापरत राहा, न्हायतर खांदा कायमचा धरंल. म्हणून त्यांना गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून पायजे होतं. रविवारी बाईंना शेजारी बसवायचं, इंदापूरला मेव्हणीकडं जेवायला जायचं, येताना लासुर्ण्याला शेतात चक्कर मारायची. त्या माणसाला पायजे होतं ते येवढंच.

काम मी केलं, आन् एक नंबर केलं. भंगारातल्या एका छोट्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग काढलं, स्पोर्ट्स गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा कापून मोटर मधी बसवली, वेल्डिंग केलं, जोर कमीजास्त करायला डॅशबोर्डखाली एक फिरवायचं बटण दिलं. साहेब रोज येऊन बघत बसायचे. शेवटी म्हणाले, दांड्याच्या जोडाची तपासणी करून घ्या, मला रिपोर्ट लागंल. स्टिअरिंगचा जोड हाय, सुटला तर माणूस मरतो. बरोबर होतं त्यांचं. शंभर टक्के बरोबर! पण हे ते बोलले चार टाळक्यांसमोर — फुकटचा च्या ढोसायला माझ्याकडं रोज येणाऱ्या. त्यातलं एक फिसकन हसलं. मला शिकवतो? कोण, हा?

जोड पास झाला, रिपोर्ट आला. गाडी न्यायच्या दिवशी साहेब चष्मा लावून खुर्चीत तो रिपोर्ट वाचत बसले होते, पान उलटून उलटून. आन् मी — मी गाडीत वाकलो आन् पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज उपसला. तीस अँपिअरचा, हिरवा. खिशात टाकला.

गंमत म्हणून. म्हणजे तवा मी स्वतःला तसं सांगितलं. म्हाताऱ्यानं चौकातनं घाम गाळत परत यावं, आन् मी त्याच चार टाळक्यांसमोर म्हणावं — इंजिनिअर ना तुमी? साधा फ्यूज बघता येत न्हाय व्हय? हे एक वाक्य मला बोलायचं होतं. ह्या एका वाक्यासाठी! आन् ते गाडी घेऊन निघताना मी तोंड वर करून म्हणलो, "साहेब, आता एका बोटानं फिरंल. जड लागली तर दोष गाडीचा न्हाय."

ते परत आले न्हायत. मी दुपारपातूर रस्त्याकडं डोळे लावून होतो. मोटर बंद असली की स्टिअरिंग पयल्यापेक्षा जड होतं, कारण त्या मेल्या मोटरीलाबी आपणच फिरवायचं असतं. हे मला ठाऊक होतं. साहेबांना न्हाय. तसल्या स्टिअरिंगनं तो माणूस बायकोला घेऊन इंदापूरला गेला आन् परत घरी आला.

चौथ्या दिवशी रिक्षानं आले. हात गळ्यात अडकवलेला. म्हणाले, "राजाभाऊ, तुमचं काम चोख हाय, रिपोर्ट वाचलाय मी. पॉवर बसवूनबी फिरत न्हाय, म्हणजे माझाच हात गेला."

बघा आता. जन्मभर दुसऱ्याची कामं तपासलेला माणूस! जोड पास झाला म्हणजे सगळंच पास झालं, असं धरून चालला. लोखंडावर शंका घेतली, माझ्यावर घेतली न्हाय. आन् फ्यूज होता कुठं? माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमधी. हात लांबवायचा अवकाश होता. मी काय म्हणलो? "वय झालं साहेब, व्हायचंच."

हितं थांबलो असतो तर तुमी म्हणला असता, चेष्टा अंगाशी आली, जाऊ दे. पण मी कुठला थांबतोय? साहेबांनी गाडी विकायला काढली. पुण्याचा एकजण माझ्याच गॅरेजवर बघायला येणार होता. तो यायच्या आधी मी फ्यूज गुपचूप जागेवर बसवला. का? पुण्याचा माणूस, खालनंवरनं तपासणार, आन् माझ्या कामाला नावं ठेवणार, म्हणून. नाव वाचवलं मी माझं — नाव!

साहेब आन् बाई तितंच खुर्च्यांवर बसले होते. पुण्याचं ते कार्टं गाडीत बसलं, चावी दिली, आन् जागच्या जागी एका बोटानं स्टिअरिंग गरागरा फिरवलं. हसलं. साहेबांनी त्याच्या बोटाकडं बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, उताणा करून, लई वेळ. बाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला. मी बॉनेट पुसत होतो. पुसलेलं परत पुसत होतो. फ्यूज काढला ती खोडी म्हणा. पण हे — हे मी डोळ्यांनी बघत होतो, आन् तोंड उघडलं न्हाय.

त्यानंतर त्यांनी तो हात सोडूनच दिला. स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. डाव्या हातानं सही करायला शिकले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, वापरला न्हाय आन् खांदा धरला. आता रविवारी दोघं एसटीनं इंदापूरला जातात. मी काय केलं? गॅरेजवर पाटी लावली — जुन्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग बसवून मिळंल. बारामतीतनं दोन गिऱ्हाइकं आली. साहेबांनीच पाठवलेली.

गेल्या महिन्यात इंदापूरच्या स्टँडवर ते दिसले. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यांनीच डावा हात वर केला. "जय भीम, राजाभाऊ."

मी "हां हां, साहेब" म्हणलो. अजूनबी.

हाताचं विचारावं लागलं, विचारलं. ते म्हणाले, "आता वर जात न्हाय. पण तुमचे उपकार हायत बरं का. तुमी पॉवर बसवून दिली म्हणून येळेवर कळलं, की हात गेलाय. न्हायतर माझ्याकडनं कुणीतरी चिरडलं गेलं असतं." बाईंनीबी मान डोलावली.

हात चांगला होता त्यांचा.

मी "व्हय" म्हणलो. तेवढ्यात बारामतीची गाडी लागली. बाईंनी दोन्ही पिशव्या उचलल्या, आन् साहेब डाव्या हातानं दांडा धरून वर चढले.