मास्तरीण मोडली नव्हती

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी ताई जत्रेच्या मैदानावर परीक्षकांशी भांडली, घरी आली आणि वारली. मधे तिने तीन शर्टांना इस्त्री केली.

भांडण असं झालं. जत्रेत दरवर्षी घोड्यांच्या चालीची स्पर्धा असते. त्यात पळायचं नसतं. रेवाल चालीत गोल फिरायचं, म्हणजे घोड्याचा एकेक पाय सुटा पडला पाहिजे, चार पाय चार आवाज, आणि वर बसणाऱ्याच्या तळहातावर पाण्याने भरलेला ग्लास. पाणी सांडलं की बाद. दोन पाय एकदम पडले की चाल मोडली. ताईचं पाणी सांडलं नाही. तरी भोंग्यावरून सांगितलं की इस्त्रीवाल्या बाईंची घोडी वळणावर मोडली म्हणून दुसरा नंबर. पहिला डेअरीवाल्याच्या पांढऱ्या घोड्याला.

ताई ग्लास हातात घेऊनच परीक्षकांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, दुसरा द्या नाहीतर शेवटचा द्या. डेअरीवाल्याचा घोडा चांगलाच आहे, मी काय आंधळी नाही. पण मोडली म्हणू नका. मास्तरीण मोडत नाही."

मास्तरीण हे घोडीचं नाव. परीक्षक म्हणजे एक रिटायर झालेले गृहस्थ, जन्मभर पोलिसांचे घोडे शिकवलेले. ते म्हणाले, "बाई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तेच चुकलं तुमचं. चाल काय डोळ्यांनी बघायची असते? वळणावर ती मान झटकते, तिला खोडच आहे ती. मान हलली की तुम्हाला वाटतं पाय मोडले. आणि इथे रेती टाकलीय, आवाज कुठून येणार? माझ्या गल्लीत फरशी आहे. उद्या या आणि ऐका."

"येतो की," ते म्हणाले. मागे लोक खोळंबले होते, परीक्षकांना ती टळायला हवी होती. ताईला ते खरं वाटलं. तिने ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास त्यांच्या टेबलावर ठेवला.

घरी येऊन ती बूट न काढताच इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. राग आला की ती इस्त्री करायची. भाऊजी म्हणायचे की आमच्याकडचे कपडे एवढे कडक का असतात ते मला विचारा. तिसरा शर्ट झाला आणि ती खुर्चीत बसली. मला म्हणाली, "इस्त्री बंद कर, कापड जळेल." मी बटण बंद केलं, वळून बघते तर ताई नाही. खुर्चीतच होती, पण नाही.

ताई माझ्याहून मोठी. शाळा तिने सोडली ती माझ्यासाठी वगैरे नाही, तिला आवडत नव्हती म्हणून. लग्नाआधीपासून इस्त्रीचं काम. भाऊजी नळाची कामं करतात. मूलबाळ नाही. लोक विचारायचे तेव्हा ताई म्हणायची, "यांनाच वाढवतेय, पुरे झालं."

गावाबाहेर घोडे शिकवायची एक शाळा होती, तिथले कपडे ताईकडे यायचे. ती शाळा बंद पडली तेव्हा सगळे घोडे गेले, ही एक राहिली. मान झटकते म्हणून कुणी घेईना. ताई कपडे द्यायला गेली आणि घोडी घेऊन आली. भाऊजींनी दार उघडलं.

"हे काय?"

"घोडी."

"ते दिसतंय मला. ठेवायची कुठे?"

"तुमचे पाइप काढा ना मागच्या खोलीतून."

भाऊजींनी पाइप काढले. ते पाइप अजून आमच्या जिन्याखाली आहेत.

मग शिकवणं सुरू झालं. ताई घरातल्याच दुकानात इस्त्री करणार, पाठ गल्लीकडे, आणि भाऊजी घोडीला दोरीला धरून फरशीवरून चालवणार. ताई वळून बघायची नाही. नुसती ओरडायची, "मोडली. परत." गिऱ्हाइकाला वाटायचं शर्टाची घडी मोडली. भाऊजी परत सुरुवात करायचे. वर्षानुवर्षं हेच. पुढेपुढे ओरडणं कमी झालं, मग बंदच झालं. म्हणून ते भोंग्यावर "मोडली" म्हणाले ते तिला लागलं. नंबराचं तिला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उरकून आलो. दुपारनंतर माणसं भेटायला येत होती, घरात आणि गल्लीत मिळेल तिथे खुर्च्या. त्यात परीक्षक आले. इस्त्री केलेला सदरा, डोक्याला टोपी. ते खरंच घोडी ऐकायला आले होते. गर्दी बघून म्हणाले, "काही कार्यक्रम आहे का?"

मी सांगितलं. ते बसलेच एकदम. मग उठले, टोपी काढली, म्हणाले, "मी निघतो. माझं चुकलं."

भाऊजी आतून आले. "थांबा. आलाच आहात तर ऐकून जा."

मोठी मावशी म्हणाली, "अहो जावईबापू, आज हे शोभतं का?"

"तिने वेळ दिलीय माणसाला," भाऊजी म्हणाले आणि घोडी बाहेर काढली.

बसणार कोण, हा प्रश्न आला. घरी आणल्यापासून ताईशिवाय कुणी कधी बसलंच नव्हतं. भाऊजी म्हणाले, "मी इतकी वर्षं हिचं शेण उचललंय, वर बसायचा योग आला नाही." परीक्षकांनीच खोगीर बांधलं आणि त्यांना वर ढकललं. भाऊजी दोन्ही हातांनी खोगीर धरून बसले. ग्लास राहू दे म्हणाले परीक्षक. भेटायला आलेल्यांनी खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या आणि गल्ली मोकळी केली.

परीक्षक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरीण निघाली. गल्लीच्या टोकाला वळली, परत आली. चार पाय, चार आवाज, मला पण कळले, आणि मला त्यातलं काही कळत नाही.

"परत," परीक्षक म्हणाले आणि आता तोंड वळवून बघत राहिले. वळणावर मास्तरणीने मान झटकली. आवाज तसाच.

"मान झटकते," ते म्हणाले.

"झटकते," भाऊजी वरून म्हणाले. "आता मला उतरवा."

दोघातिघांनी त्यांना उतरवलं. परीक्षक घोडीच्या पायांकडे बघत होते. म्हणाले, "बाई काल हेच सांगत होत्या." भाऊजींनी घोडी आत नेली. परीक्षकांनी चहा घेतला, अर्धा ठेवला, आणि मैदानाकडे गेले.

जत्रेचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी आम्ही बायका आत भांडी आवरत होतो, भाऊजी ओट्यावर बसले होते. भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. आधी एका मुलाची आई हरवली होती, ती सापडली. मग सांगितलं की कालच्या चालीच्या स्पर्धेत इस्त्रीवाल्या बाईंची घोडी मोडली असं जाहीर केलं होतं, ती मोडली नव्हती, नंबर आहेत तेच राहतील. मी हात तसेच ओले घेऊन बाहेर आले. भाऊजी म्हणाले, "ऐकलं." त्याच दमात भोंगा म्हणाला की मैदानाच्या गेटवर निळा टेंपो लावलाय, घोडे बाहेर काढता येत नाहीत, ज्याचा असेल त्याने ताबडतोब हलवावा.

मावशी म्हणाली, "निळा टेंपो आपलाच ना?"

आपलाच होता. सगळे त्यातूनच आले होते, गल्लीत जागा नव्हती म्हणून तिकडे लावला होता. मावशीचा मुलगा किल्ली शोधायला लागला. भाऊजी ओट्यावरून उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, मी येतो. तिथे टेंपो मागे घेताना कुणीतरी बघायला लागतं."