पांडूकाकांचा जनरेटर आणि गार चहा

प्रत्येक घरात एक पिशवी असते, जिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या यार्डातल्या किश्शांचं तसंच आहे. मी एक सांगायला बसलो की बायको आतून म्हणते, "झालं, आता जेवायला दहा वाजणार." तिला सगळे पाठ आहेत, पण मध्येच उठून जात नाही हेही खरं.

आमचं गाड्यांचं यार्ड पनवेलला, जुन्या हायवेच्या कडेला. मालक गिरीशशेठ. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. आजूबाजूच्या फार्महाउसांवर सिरियलींची शूटिंगं चालायची आणि आमच्या तीन व्हॅनिटी व्हॅन तिथे जायच्या. बाहेरून बस, आत पलंग, आरसा, संडास, एसी. आणि हे सगळं चालवायला मागच्या पेटीत डिझेलचा जनरेटर. मी बुकिंग घ्यायचो. जनरेटर पांडूकाका सांभाळायचे.

काका चिरनेरचे. आधी मिठागरात, मग ट्रकवर, मग आमच्याकडे. वय छप्पन्न. "हितनं सुटलो तं मला कोन ठेवनार?" असं स्वतःच म्हणायचे आणि नोकरी जाईल अशीच कामं रोज करायचे. जनरेटर चालू असताना आत कुणी झोपायचं नाही. एक खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. चावी कुणी मागायची नाही, आणि मागणार तरी कशी? काकांनी ती करदोड्याला बांधलेली! शिवाय जनरेटर सुरू करायच्या आधी टाकीपासून लांब, मागच्या बाजूला एक उदबत्ती. काका तिच्याकडे बराच वेळ टक लावून बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, माणूस श्रद्धाळू आहे. एका हिरॉइनची आई तर तिथे रोज चपला काढून हात जोडायची.

एका हिरोने एकदा विचारलं, "एसी चालू आणि खिडकी उघडी? अख्खं पनवेल गार करायचंय का?"

काका म्हणाले, "पनवेलचं मला ठाव नाय. तुमी झोपेतनं उठलं पायजे, येवढंच हाय."

हिरोने लगेच शेठला फोन लावला. तक्रारींचा श्रीगणेशा तिथून झाला.

* * *

डिझेल संपत आलं की काका जनरेटर बंद करायचे आणि इंजिन गार झाल्याशिवाय टाकीत थेंब ओतायचे नाहीत. तापलेल्या इंजिनावर डिझेल सांडलं तर भडका उडतो, हे त्यांनी ट्रकवर असताना पाहिलेलं. पण गार झालं हे ओळखायचं कसं? काकांचं घड्याळ ठरलेलं. स्टीलच्या पेल्यात गरम चहा घ्यायचा, पेटीवर ठेवायचा. चहा गार, म्हणजे इंजिन गार. मग बोट बुडवून बघायचं आणि मगच डिझेल.

एकदा शूटिंगचा एक मॅनेजर घाईला आला होता. आत हिरॉइन घामाने निथळत होती, बाहेर डायरेक्टर त्याच्या नावाने शंख करत होता. त्या पठ्ठ्याने काय करावं? काकांची पाठ वळलेली बघून चहा पिऊन टाकला.

"संपला चहा. ओता आता डिझेल."

काकांनी रिकाम्या पेल्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि स्पॉटबॉयला हाक मारली, "येक गरम चा आन रे."

मग पुन्हा पहिल्यापासून. सगळं युनिट त्या पेल्याभोवती उभं होतं. चहा गार व्हावा म्हणून फुंकर मारणारा डायरेक्टर मी तेवढा एकच पाहिला.

* * *

करंज्याला बंदरावर शूटिंग होतं. आभाळ आलेलं, मासळी वाळत नव्हती, कोळणी वैतागलेल्या. त्यातल्या हौसाबाईंना शोध लागला की आमच्या गाडीच्या मागून मस्त गरम हवा येते. काका जेवायला बसले तेवढ्यात बाईंनी दोन काठ्या रोवल्या, दोरी बांधली आणि बोंबील टांगून मोकळ्या झाल्या. आतून हिरॉइन नाक दाबून बाहेर आली ती परत गेलीच नाही.

काकांनी जनरेटर बंद केला. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुजा वारा फुकट चाललाय, त्यात माजं चार बोंबील सुकलं तं काय बिगारलं?"

"बाय, त्यो वारा नाय, धूर हाय. खानारा मरंल."

"मेला नाय आजून कोन माज्या बोंबलानी."

वाद तासभर चालला आणि तासभर एसी बंद. बोंबील काढल्याशिवाय काका चालू करेनात. शेवटी बाईंनी रागाने ते सगळे बोंबील आमच्या शेठकडे भेट म्हणून पाठवले. शेठनी कौतुकाने भाजायला लावले. पहिला घास घेतला आणि मला विचारलं, "ह्याला डिझेलचा वास का येतोय रे?"

तेवढ्यात प्रॉडक्शनचा तक्रारीचा फोन आला. शेठ तोंड धुऊन आले आणि काकांना म्हणाले, "काका, आता आणखी एक तक्रार आली की चावी ठेवायची आणि घरी जायचं."

काका "बरं" म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी पडलो बुकिंगवाला.

* * *

कामोठ्यात शेठचे साडू राहायचे. लोडशेडिंगचे दिवस. साडूंच्या मुलीचं केळवण आणि ऐन पंगतीला लाइट गेली. शेठनी व्हॅनिटी पाठवली. साडूंची कल्पना अशी, की जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसायची, घर आपोआप उजळेल.

काका म्हणाले, "नाय जमनार. उलटा करंट खांबावर जातो. वर कोन चढला आसंल तं तो खलास."

"तुमचा कोण चढलाय खांबावर?"

"जावय."

साडू वरमले. "जावई वायरमन आहेत होय तुमचे?"

"माजा नाय. पन कुनाचा तरी आसंल ना."

शेवटी काकांनी गाडीतून वेगळी वायर ओढून पंगतीत दोन दिवे आणि एक पंखा लावून दिला. साडूंनी तक्रार केली नाही, पण अजूनही बोलत नाहीत.

* * *

मग ती हळद आली. आमच्याकडच्या हळदी म्हणजे लग्नाहून भारी. पनवेलजवळच्या गावातले एक मोठे जमीनवाले, त्यांच्या पोरीच्या मेकअपला खास व्हॅनिटी. मंडपवाल्याला आमची गाडी दिसायला कळकट वाटली, म्हणून त्याने तिला वरपासून खालपर्यंत जरीचे पडदे गुंडाळले. चाकंसुद्धा दिसेनात.

काकांनी पडद्याच्या आत शिरून उदबत्ती लावली. धूर कुठेच जाईना, तिथेच कोंडला आणि हळूहळू दाराकडे वळला. काका बाहेर आले आणि म्हणाले, "चालू नाय करनार."

मला तेव्हा उमगलं, की इतकी वर्षं हा माणूस पूजा नव्हता करत. वारा बघत होता.

नवरीचा मेकअप ओघळायला लागला. नवरीचा बाप तापला. काकांनी त्याच्यासमोरच खिशातून सुरी काढली आणि मागचे पडदे टराटरा फाडले. मग जनरेटर सुरू झाला, नवरी नटली, हळद लागली. पण बापाचा फोन शेठला गेलाच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेठ म्हणाले, "चावी ठेवा."

गाठ सुटेना. मी कात्री पुढे केली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ती परत ठेवली. "करदोडा मेल्यावर तोडतात," ते म्हणाले. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खटपट केली, चावी टेबलावर ठेवली आणि गेले.

* * *

पंधरा दिवसांनी शेठनी घरच्यांना घेऊन समुद्रावर सहल काढली. आपलीच व्हॅनिटी, नवा जनरेटरवाला, मीही सोबत. गाडी एका कंपाउंडच्या भिंतीला खेटून लावली. दुपारी शेठची आई पलंगावर आडवी झाली. खिडकीतून ऊन येतंय म्हणून शेठनीच खिडक्या बंद केल्या.

तासाभराने मी चहाला हाक मारायला गेलो तर म्हातारी उठेना. हलवलं तरी उठेना. जनरेटरचा धूर भिंतीला आपटून फटींतून आत शिरला होता आणि बंद खिडक्यांमुळे तिथेच कोंडला होता. मी आणि नव्या जनरेटरवाल्याने तिला उचलून बाहेर वाऱ्यावर आणलं. शेठ "आई, आई" करत रडत होते. गावातल्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजनची नळी लावली. आणि दोन तासांनी आजी डोळे उघडून म्हणाल्या, "मेल्यांनो, जरा डोळा लागला होता, तेवढाही बघवला नाही."

शेठ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिरनेरला गेलो. काका ओट्यावर बसले होते. शेठनी खिशातून चावी काढली. नवा काळा करदोडा आणलेला, त्यात चावी ओवलेली. "काका, माझं चुकलं. गाडी उभी आहे, चला."

काका उठले. घरात गेले आणि स्टीलच्या पेल्यात वाफाळता चहा आणून शेठच्या समोर ठेवला. शेठनी पेल्याला हात लावला. मग हात मागे घेतला.

आम्ही तिघं पेल्याकडे बघत बसलो. वाफ गेली. चहावर साय धरली. काकांनी एक बोट बुडवून बघितलं आणि हात पुढे केला.

"आना चावी."