सासूबाईंबरोबर त्रेवेलेसला

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याची रजा कॅन्सल झाली. ऐंशीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं आणि शॉमबर्गला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी एकही डोंगर चढले नव्हते. चढणार कुठे? शिकागोच्या आसपास पन्नास मैल जा, जमीन पोळपाटासारखी सपाट. पुण्यात कॉलेजात असताना दर रविवारी सॅक पाठीला लावून किल्ल्यावर जाणारी मी, इथे दूध आणायलाही गाडी काढत होते. म्हणून त्या हिवाळ्यात तीन आठवडे स्पेन आणि पोर्तुगाल पायी, बसने आणि रेल्वेने फिरायचं, असं मी ठरवलं होतं. हिवाळ्यात तिकडे प्रवासी कमी, खोल्या स्वस्त, आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जुन्या खेचरवाटा जातात, असं लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं होतं. त्यातल्या नकाशांच्या फोटोकॉपी किचनच्या कपाटांवर चिकटवल्या होत्या.

ऑफिसातून आल्यावर नवऱ्याने बूट काढता काढताच सांगितलं की प्रोजेक्टची डेडलाइन पुढे सरकत नाहीये, ट्रिप कॅन्सल करावी लागेल. मी एकटी जाते म्हटलं तर त्याचा चेहरा उतरला. नको म्हणायची त्याची हिंमत होत नव्हती आणि हो म्हणणं जमत नव्हतं.

त्याची आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. टेबलाशी बसून त्या ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी पूर्ण करून त्या म्हणाल्या, "हिच्याबरोबर मी जाते."

सासूबाईंची आणि माझी फारशी ओळखच नव्हती. आमचं लग्न आम्ही ठरवलेलं, जात वेगळी, आणि लग्नानंतर महिन्याभरात आम्ही अमेरिकेत आलो. त्या मोजकं बोलत. घाटमाथ्याकडच्या एका तालुक्यात त्यांनी सव्वीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढली होती. यजमान लवकर गेले, मुलाला शाळेसाठी बहिणीकडे ठेवलं, आणि स्वतः लसींचा डबा खांद्याला अडकवून वाड्यावस्त्यांवर फिरल्या. एवढंच मला माहीत होतं. वय साठ. नवऱ्याने थंडीचं कारण सांगितलं, जेवणाचं सांगितलं, गुडघ्यांचंही सांगून पाहिलं. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्वेटपँट दाखवली. चालताना साडी जड होईल हे कसं सांगावं, याची मी रात्रभर तयारी केली होती. त्या ती पँट घेऊन बाथरूममध्ये गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि दोन्ही बाजूंना हात घालून म्हणाल्या, "खिसे आहेत की याला." त्यानंतर प्रवास संपेपर्यंत त्यांनी साडीचं नाव काढलं नाही.

व्हिसासाठी शिकागोला दोन वेगवेगळ्या कॉन्सुलेटमध्ये जावं लागलं. भारतीय पासपोर्टला तेव्हा कुठलंच दार आपोआप उघडत नसे. स्पेनच्या कचेरीतल्या बाईंनी प्रवासाचा उद्देश विचारला. मी तो प्रश्न मराठीत सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, चालायला. मी इंग्रजीत 'टूरिझम' सांगितलं.

मग सराव सुरू केला. शॉमबर्गमध्ये फुटपाथ जवळजवळ नव्हतेच, म्हणून आम्ही मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटला चकरा मारायचो. सॅकमध्ये वजन म्हणून बासमतीच्या पिशव्या. दोन वेळा गाड्या थांबल्या आणि तुमची गाडी बंद पडली आहे का, राइड हवी का, असं आपुलकीने विचारलं गेलं. एकदा पोलीसही थांबला. पाठीवर ओझं घेऊन बर्फात गोल गोल चालणाऱ्या दोन बायकांचं त्याला काय कळणार? आम्ही व्यायाम करतोय असं मी सांगितलं. तो गेला, पण पुढची दहा मिनिटं दुरून बघत राहिला.

माद्रिदला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी रेल्वेने ग्रॅनडाला गेलो. आमच्या खोलीला हीटिंग नव्हतं. भिंतीला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. दोघी जवळ होते तेवढे सगळे कपडे घालून एका पलंगावर झोपायचो. जेवण म्हणजे पाव, चीज, संत्री आणि शॉमबर्गहून नेलेली शेंगदाण्याची चटणी. सासूबाईंची कशाबद्दलच तक्रार नव्हती. शहरातल्या जुन्या राजवाड्याच्या कोरीव भिंतींपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पण त्यांना सगळ्यात आवडलं ते तिथलं पाणी. उतारावरून चरांतून खेळवत आणलेलं पाणी त्या वाकून वाकून बघत होत्या, कुठून येतं, कुठे जातं, मध्ये कुठे अडवलंय.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावर गेलो. पांढऱ्या घरांची, सपाट मातीच्या धाब्यांची गावं डोंगराला चिकटून बसलेली. खाली बदामाची आणि चेस्टनटची झाडं, वर बर्फाचा डोंगर. पहिले दोन दिवस आम्ही जवळजवळच्या गावांमधून चाललो. मी पुढे, त्या मागे. माझा वेग जास्त होता. मी चढ धापा टाकत चढायचे, मग थांबून त्यांची वाट बघायचे. त्या एकाच लयीत येत राहायच्या, न थांबता, आणि माझ्याजवळ पोचल्यावर त्यांचा श्वास माझ्यापेक्षा शांत असायचा. ते माझ्या लक्षात येत होतं, पण ट्रेकिंगची अनुभवी म्हणून आलेली मी, ते मनाला लावून घेत नव्हते.

चालण्याच्या तिसऱ्या दिवशी त्रेवेलेसला पोचायचं होतं. त्या भागातलं सगळ्यात उंचावरचं गाव. हवा ढगाळ होती. दुपारी बाराच्या सुमाराला वाटेला दोन फाटे फुटले. नकाशाच्या फोटोकॉपीत नेमकी तिथेच घडी पडून काळा डाग आला होता. मी वरचा फाटा धरला. तासाभराने बर्फ पडायला लागलं. आधी भुरभुर, मग दाट. वाट अरुंद होत गेली आणि शेवटी एका घळीच्या तोंडाशी संपली. पलीकडच्या बाजूला काहीतरी वाटेसारखं दिसत होतं. मध्ये तीस-चाळीस फुटांचा तिरका उतार, त्यावर ताजं बर्फ, आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं.

मला वाटलं, पाय रोवत गेलं तर जमेल. किल्ल्यांवर याहून वाईट जागा मी पार केल्या होत्या. शिवाय इतका चढ चढून परत जायचं म्हणजे चूक कबूल करायची. मी म्हटलं, मी आधी जाऊन बघते, तुम्ही इथेच थांबा.

त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला. "मी पुढे येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुलाही जाऊ देणार नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी अशा बोलल्या होत्या. आवाज चढवलेला नव्हता. सव्वीस वर्षं अडलेल्या बायकांच्या नवऱ्यांना, सासऱ्यांना आणि सरपंचांना जो आवाज ऐकू आला असेल, तोच हा आवाज होता. मला राग आला. रडूही आलं. मग मी वळले.

आमच्या पाऊलखुणा भरून गेल्या होत्या. आता सासूबाई पुढे होत्या. अर्ध्या तासाने आम्हाला मघाशी ओलांडलेला पाण्याचा पाट लागला, हातभर रुंद, कडांना गोठलेला, मधून पाणी वाहतं. मी फाट्याकडे जायला निघाले. त्या थांबल्या. म्हणाल्या की फाटा या बर्फात सापडायचा नाही, पण पाट कोणीतरी हाताने खणलाय, आणि पाणी वाहत जातं तिकडे शेत असणार, शेत असेल तिथे घर. त्यांच्या तालुक्यात पावसाळी धुक्यात त्या अशाच ओढ्या-पाटांच्या कडेने वस्त्या गाठायच्या. आम्ही पाटाच्या बांधावरून चालत राहिलो. दीड तास. बोटं दुखायची थांबली तेव्हा मला खरी भीती वाटली. त्यांनी मला थांबवून माझे हात आपल्या काखेत धरले, पुन्हा दुखायला लागेपर्यंत, आणि मग परत चालायला लावलं.

पाट एका बदामाच्या बागेत शिरला. बागेपलीकडे पाच-सहा घरं आणि धुराचा वास. पहिल्याच दारात एक काळ्या कपड्यांतली म्हातारी कोंबड्यांना आत घेत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, एक शब्द न विचारता दार पूर्ण उघडलं.

तिच्या घरात एक गोल टेबल होतं. त्यावर जमिनीपर्यंत जाड लोकरी कापड सोडलेलं, आणि टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी. त्या कापडात पाय घालून बसायचं. आम्ही बसलो आणि पायांत जीव आल्यावर मी परत रडले. त्या दोघी मात्र निवांत होत्या. म्हातारी स्पॅनिशमध्ये बोलत होती, सासूबाई मराठीत. म्हातारीच्या मनगटावर भाजल्याची जखम होती, नीट न बांधलेली. सासूबाईंनी पाणी उकळून मागितलं, कसं मागितलं ते मला सांगता येणार नाही, आणि सॅकमधल्या औषधांच्या डब्यातली पट्टी काढून जखम स्वच्छ करून बांधली. म्हातारीने हात उलटसुलट करून पट्टी पाहिली आणि आतून रजया आणल्या.

सकाळी आकाश निळं होतं. म्हातारीने अंगणात उभं राहून खरी वाट बोटाने दाखवली. रस्ता बंद होता, बस येणार नव्हती, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघताच सॅक पाठीला लावल्या. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही पुढे व्हा. घोट्यापर्यंतच्या बर्फातून त्या लहान लहान पावलं टाकत निघाल्या आणि मी त्यांच्या पावलांत पावलं टाकत गेले. आधीच्या दिवसांत ज्याला मी त्यांचा संथपणा समजत होते, ती चालायची रीत होती, हे मला त्या दिवशी कळलं. एकदाही धाप लागली नाही. सहा तासांनी आम्ही त्रेवेलेसच्या पहिल्या गल्लीत शिरलो. रस्त्यावरचं बर्फ फावड्याने ओढणारी माणसं थांबून बघायला लागली. कुठून आलात, असं कोणीतरी विचारलं. मी खालच्या वस्तीचं नाव सांगितलं. त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली, माझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी.

त्रेवेलेस प्रसिद्ध आहे ते डोंगरवाऱ्यात वाळवलेल्या डुकराच्या मांडीसाठी. खानावळीच्या छताला त्या मांड्या दिव्यांसारख्या टांगलेल्या होत्या. माझं माहेर शाकाहारी, मी चीज मागवलं. सासूबाईंनी छताकडे बोट केलं. पातळ कापलेले तुकडे सावकाश चावून त्या म्हणाल्या, मीठ थोडं जास्त झालंय, पण वाळवलंय चांगलं.

रस्ता उघडल्यावर ग्रॅनडाला परतलो आणि टेलिफोनच्या कचेरीतून नवऱ्याला फोन केला. त्याने आधी आईशी बोलायचं म्हटलं. हवा छान आहे, जेवण मिळतंय, सून नीट सांभाळते आहे, एवढं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. घळीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझी चूक झाकायला त्या असं करताहेत असं मला वाटलं, आणि लिस्बनच्या उभ्या रस्त्यांवरून चढताना-उतरताना, नदीकाठी भाजलेले चेस्टनट खातानाही ते मनात डाचत राहिलं.

जानेवारीत शॉमबर्गच्या आमच्या टाउनहाउसमध्ये हळदीकुंकू होतं. महाराष्ट्र मंडळातल्या वीसेक बायका, कारपेटवर बसलेल्या, हातात तिळगूळ. युरोपात काय काय पाहिलं असं सगळ्या विचारत होत्या. पॅरिस केलं की नाही? एका काकूंनी सासूबाईंना विचारलं की सूनबाईंनी या वयात फार दमवलं नाही ना?

मी किचनच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सासूबाईंनी घळीची गोष्ट सांगितली, पूर्ण, बर्फ किती होतं आणि उतार कसा होता ते. माझी कानशिलं तापली. मग त्या म्हणाल्या, "मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले, इथून पुढे जाऊ नका, मागे फिरा. किती जणांनी ऐकलं? ही तिथल्या तिथे फिरली. तरुण आहे, ताकद आहे, रागही आला होता तिला, तरी फिरली. माझी सून आहे."

मग त्या काकूंनी मला जवळ बोलावून हळदीकुंकू लावलं. मी मान खाली घातली होती, पण ती लाजेने नव्हती. इतका अभिमान मला पदवी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता, आणि तो अर्धा माझा होता, अर्धा त्यांचा.

मार्चमध्ये त्या भारतात परत गेल्या. एअरपोर्टवर त्यांनी साडी नेसली होती, पायात मात्र चालायचे बूट होते. त्यानंतर मी पुष्कळ डोंगर चढले, काही नवऱ्याबरोबर, काही एकटीने. बरोबर नवखं कोणी असलं तर मी त्याला पुढे चालायला सांगते आणि स्वतः मागून त्याच्या वेगाने जाते.