पडद्यावरच्या बाईच्या मनातलं

इजिप्तमधल्या रशीद गावात मासे साफ करून पोट भरणाऱ्या बायका पुष्कळ, पण टीव्हीवरचा दुपारचा सिनेमा सांगावा तो इन्साफनेच. शाळेत ती जेमतेम दोन हिवाळे गेलेली. पण सिनेमातल्या बाईच्या पोटात काय शिजतंय, ते अशी सांगायची, जणू दोघींची पाठ एकाच आईनं चोळली होती! शेजारची फौकिया आंधळी. बोलणं तिला ऐकू यायचं, पण पडद्यावर कुणी नुसतंच खिडकीशी बसलं की ती इन्साफला ढोसायची, "आता काय आहे गं हिच्या मनात?"

"नवऱ्याचा गळा आधी दाबावा की चहा आधी घ्यावा," इन्साफ सांगे, आणि जमलेल्या बाया खिदळत.

फौकियाचा एकुलता एक मुलगा शुक्री चोरून होडीतनं इटलीला निघाला आणि ते खिदळणं संपलं. होडी बुडाली. वाचलेल्या एकानं दारात येऊन तसं सांगितलंसुद्धा, पण "अंधारात तुला काय दिसलं रे?" म्हणून फौकियानं त्याला हाकलून दिलं. प्रेत मिळालं नव्हतं. आणि आईनं काळं घातल्याशिवाय कुणी दुखवट्याचा शब्द काढायचा नाही, ही तिथली रीत. गल्ली तोंड मिटून बसली, फौकिया वाट बघत वाळत चालली, आणि इन्साफ सिनेमातल्या प्रत्येक गप्प आईला आशेवर ठेवू लागली.

त्या दुपारी सिनेमातल्या आईनं मुलाच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि सदरा मांडीवर घेऊन बसली. गाणं नाही, बोलणं नाही.

"काय करतेय?"

"बसलीय. पोरगा आला की काय रांधावं, ते ठरवतेय."

फौकिया कान देऊन ऐकत राहिली.

"रांधायचा विचार करणारी इतका वेळ बसत नाही गं. उठून कांदा चिरायला घेते. खरं सांग."

"मला काय ती कानात सांगून गेली?"

"आजवर सगळ्यांच्या मनातलं सांगत आलीस, अन् हिचंच तेवढं कळेना होय?"

बाया खाली बघू लागल्या. पडद्यावरच्या बाईचं बोट सदऱ्याच्या कॉलरवरून फिरत होतं.

"तिला ठाऊक आहे," इन्साफ म्हणाली. "कधीचंच. पण आपण हो म्हटलं तर आपणच त्याला बुडवला असं होईल, ही धास्ती आहे तिला."

"वेडी आहे," फौकिया म्हणाली. "समुद्रानं नेला. तिनं कुठं?" मग म्हणाली, "तुझा काळा झगा दे मला."

पेटीत वरच गडद निळा झगा होता. आंधळीला काय कळणार, असं इन्साफच्या मनात येऊन गेलं. तिनं तो बाजूला सारला, खालचा काळा ओढला आणि फौकियाच्या अंगात चढवला.

"काळाच ना?"

"काळाच."

कुणीतरी टीव्ही बंद केला. एकेक बाई वाकून म्हणू लागली, "त्याचं राहिलेलं आयुष्य तुला लाभो, शुक्रीच्या आई." इन्साफ पेटीपाशीच उभी होती.

"तूही म्हण, इन्साफ."

ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही मला."

इन्साफ पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.