रुमालाखालचा पासवर्ड

आमच्या कॉलेजचे लॅबवाले सर पासवर्ड टाकताना कीबोर्डवर रुमाल पांघरायचे. खिशातला नाही, खांद्यावरचा, चौकड्यांचा मोठा रुमाल. तो दोन्ही हातांवर नीट पसरायचा, कडा खाली सारायच्या आणि मग आत बोटं हलायची. आम्ही सगळे तोवर, कुणी न सांगता, भिंतीकडे बघत उभे. मशीन उघडलं की रुमाल झटकून खांद्यावर जायचा आणि सर म्हणायचे, "हं, पाहा आता इकडं."

ही रीत त्यांना वडिलांकडून मिळाली होती. वडील अकोल्याकडच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे जोडीचा भाव तोंडानं ठरत नसे. दोघं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत आणि शेजारी उभ्या असलेल्याला काहीच कळत नसे. "भाव आन् पासवर्ड ह्या बोटानं बोलाच्या गोष्टी हायत," सर सांगायचे. "तोंडातून निंगाल्या का गेल्या गावभर."

खरं तर ते पदानं 'सर' नव्हतेच. प्रयोगशाळा सहायक होते. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती, आणि सभेच्या चहाला त्यांना बोलवायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही. पण अमरावतीतल्या आमच्या त्या जुन्या लॅबमध्ये मशीनवर काही नवं टाकायचं किंवा बिघडलेलं सुधारायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागायचा, आणि तो एकट्या त्यांच्याकडे होता. म्हणून प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना सर म्हणत. पासवर्ड गेला तर 'सर' म्हणणंही गेलं, हे त्यांना माहीत होतं. आम्हालाही होतं, पण असं कुणी बोलत नसे.

साधं घड्याळ मागं पडलं तरी सरच लागायचे. एकदा एका मशीनची तारीख कित्येक वर्षं मागं गेली. मुलं कॅन्टीनमध्ये बोलवायला गेली तर सर म्हणाले, "चहा पिऊन राहिलो नं बावा. तारीख काई पळून चालली का?" तारीख पळाली नाही, पण सरही त्या दिवशी वर आले नाहीत. आमच्या वर्गातल्या एकानं स्वतःच्या जन्माआधीच्या तारखेचं प्रॅक्टिकल जमा केलं. त्याला पूर्ण गुण मिळाले.

माझ्याशी मात्र ते पहिल्या दिवसापासून चांगले वागले. आमच्या घरात भाजीचा मळा. कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पहिल्या तासाला माऊस सरकवत सरकवत मी टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि आता पुढे काय, म्हणून थांबले. बाकीची मुलं हसली. सर मागून आले आणि हळूच म्हणाले, "उचल नं पोरी, आन् मागं ठेव. वखर नाही तो, धुऱ्यापाशी वळवाले." मला एकदम हायसं वाटलं. शेतातला वखर आणि बांधाचा धुरा म्हणजे काय हे त्या लॅबमध्ये आम्हा दोघांनाच माहीत असावं, असं मला उगाच वाटलं.

पासवर्ड त्यांनी प्राचार्यांनाही दिला नव्हता. प्राचार्यांनी एकदा सहज विचारलं तर म्हणाले, "सायेब, तुमच्या कपाटाची चावी मी मागतली का कदी?" प्राचार्य रागावतील असं आम्हाला वाटलं. ते उलट खूश झाले. आपल्या कॉलेजची सुरक्षा अशी कडक आहे, हे त्यांनी पाहुण्यांना कौतुकानं सांगायला सुरुवात केली.

मग शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरून परीक्षक मॅडम आल्या होत्या. आमच्या सगळ्यांचे प्रोजेक्ट सरांनी एकाच मशीनवर ठेवले होते, कारण बाकीच्या मशीनांवर त्यांचा विश्वास नव्हता. मॅडम बसल्या, पाणी प्यायल्या आणि लाईन गेली. लाईन परत आली, पण ते मशीन आलं नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, पुन्हा काळा पडदा.

सर म्हणाले, "घाबरू नका पोट्टेहो. सेफ मोड मदे घेतो." सेफ मोडमध्ये मशीन फक्त गरजेपुरतं जागं होतं. तसं ते झालंही. पडद्यावर दोन नावं दिसली. एक सरांचं, नेहमीचं. दुसरं 'ॲडमिनिस्ट्रेटर', जे आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. सरांनीही नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी रुमाल पसरला. पंख्यानं तो उडत होता म्हणून मला म्हणाले, "कोपरा धर पोरी." मी धरला. सरांच्या नावानं मशीन उघडेना. लाईन गेली तेव्हा त्यातच काहीतरी बिघडलं होतं. मग त्यांनी दुसऱ्या नावावर आपला पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मागून एक मुलगा पुटपुटला, "गेलं आपलं वर्ष." सरांच्या कानामागून घाम ओघळत होता. मी खरंच दुसरीकडे बघणार होते, पण हातातला कोपरा उचलला गेला आणि मला दिसलं. सरांची बोटं नुसतीच कीबोर्डवर पडली होती. थकलेला माणूस ओसरीवर बसावा तशी. त्यांनी काहीच टाईप केलं नाही. फक्त एंटर दाबलं.

मशीन उघडलं.

त्या नावाला पासवर्डच नव्हता. कुणी कधी दिलाच नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे.

"झालं का?" मॅडमनी विचारलं.

"झालं," सर म्हणाले.

"पासवर्ड फारच अवघड ठेवलाय हो तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "असाच पाहिजे."

परीक्षा पार पडली. माझा प्रोजेक्ट रोपवाटिकेच्या नोंदींचा होता. मॅडमनी विचारलं, "ही माहिती कुणी परस्पर बदलू नये म्हणून काय केलं आहेस?" मी म्हणाले, "पासवर्ड ठेवला आहे." दाराशी उभे असलेले सर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. एकेक मशीन सेफ मोडमध्ये सुरू करत ते रांगेनं गेले. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, प्रत्येक ठिकाणी नुसतं एंटर. "हे बी उघडं," ते म्हणत, "आन् हे बी." शेवटच्या मशीनपाशी खुर्चीवर बसले. "येवढे वर्षं फाटकाशी बसून राहिलो मी. मागून कुंपनच नोतं."

मी चाचरत म्हणाले, "सर, मी कुणाला सांगणार नाही."

"काहून नाही सांगनार?" ते एकदम तापले. "उद्या कोनी आत शिरून तुमचे मार्क बदलवले, मंग?" मग स्वतःच शांत झाले. प्रत्येक मशीनवर त्या नावाला नवा पासवर्ड दिला, आणि या वेळी तो मला तोंडानं सांगितला. "मी पडलो बिमार, त तुमी अडले. एकाजवळ ठेवाची गोष्टच नाही ही." बोलताना त्यांना त्रास होत होता. दात उपटून घेताना होतो तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये, दोन कारकुनांसमोर, सगळं सांगितलं. दुपारपर्यंत कॉलेजभर झालं. मुलं त्यांना 'एंटर सर' म्हणायला लागली. कुणाचं पेन चालत नसलं तरी कुणीतरी ओरडायचं, "एंटर दाबून पाह्य नं बे!" जे प्राध्यापक कालपर्यंत सर म्हणत, ते आता आडनावानं हाक मारू लागले. मला फार राग यायचा. सर म्हणायचे, "हासू दे. मशीनं तं कुलूपबंद झाले नं नीट?" पण कॅन्टीनमध्ये त्यांचं जाणं कमी झालं, हे मी पाहिलं होतं.

उन्हाळ्यात संस्थेनं त्यांची बदली अकोल्याच्या कॉलेजात केली. त्या प्रकरणामुळे केली, असं काही जण म्हणतात. सर म्हणाले, "बरं झालं, घर तिथंच हाय. जाण्यायेण्याची कटकट गेली." निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, पण हॉल दुसऱ्या कशासाठी तरी दिला गेला. मी आणि माझी एक मैत्रीण त्यांना बडनेऱ्याच्या स्टेशनवर गाडीत बसवून आलो.

नव्या कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

"पोरी, इथले मशीनं बी तसेच हायत. सारे उघडे. कोनाले मालूम नाही." पुढे म्हणाले, "इथं मले सारे सर म्हणून राहिले. सकाळी खुर्ची देल्ली स्टाफरूममदे. गुपचूप पासवर्ड टाकून देऊ का सांगू? काय म्हंतं तू?"

मोठ्या माणसाला सल्ला द्यायची मला सवय नाही. आमच्या घरात तर कुणी मागतही नाही. तरी मी म्हणाले, "सांगा, सर."

"पयल्याच दिवशी?"

"हो सर."

फोन बंद करायला ते विसरले असावेत. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, मग लांबलचक व्हरांड्यातून जाणाऱ्या चपलांचा. आणि मग कुणाला तरी विचारणारा त्यांचा आवाज, चांगला मोठा आणि स्पष्ट:

"काहो, प्राचार्य सायेब हायत का आतमंदी?"