वाईची फुकट सर्व्हिस

"मास्तर, सर्विस कवा सुटनार?"

त्या सकाळी ज्यानं त्यानं मला हेच विचारलं. वाईला नदीकाठच्या मोकळ्या मैदानावर आम्ही मांडव घातला होता. मांडवात ग्रीसचे डबे होते, ऑइलचं पिंप होतं, जॅक होते, पाने होते. हसन मिस्त्री आणि त्याचे दोन जोडीदार बाह्या सरसावून बसले होते. फक्त मोटारी नव्हत्या. मोटारींच्या जागी माणसं येत होती, आणि त्यांत बायाच जास्त. डोक्यावर गाठोडी, हातात पितळेची ताटं, ताटात कुंकू, पदराखाली झाकलेला भाकरतुकडा.

मी काही मास्तर नव्हतो. साताऱ्याच्या एका मोटार एजन्सीत सेल्समन होतो. पण फळा लिहायचो, म्हणून सगळा मुलूख मला मास्तर म्हणायचा.

फळ्याचं आधी सांगतो. लढाई नुकतीच संपली होती. पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं आणि नव्या गाड्या कंपनी कोट्यानं देत होती, म्हणजे देईल तेव्हा आणि देईल तेवढ्या. आमच्या दुकानात विकायला एकच वस्तू होती, लॉरीची चेसिस. चेसिस म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला टेकायला एक खोकं. वरची बॉडी गिऱ्हाइकानं सुताराकडून बांधून घ्यायची. लोक येत, चाकाला लाथ मारून बघत आणि निघून जात. ऐपत असलेल्यांना भरवशाचा ड्रायव्हर मिळत नव्हता, आणि गाडी चालवायची हौस असलेल्यांची ऐपत नव्हती.

आमचे मालक दादासाहेब निकम. उसाचं रान विकून त्यांनी ही एजन्सी घेतली होती. त्यावरून भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ते मला म्हणाले, "विकायला कायी नसलं तरी लोक दुकानाम्होरं थांबले पायजेत. त्यास्नी कायतरी दे." दुकानात द्यायला बातम्यांशिवाय काहीच नव्हतं. म्हणून मी दोन फळे केले, एक साताऱ्यात दुकानासमोर आणि दुसरा वाईच्या मोटार अड्ड्यावर. कुठला रस्ता वाहून गेला, कुठल्या घाटाचं काम चाललंय, कुपनं कधी मिळणार, रेडिओवर काय सांगितलं, सगळं त्यावर. ज्याला वाचता यायचं तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. लोक खरंच थांबायला लागले. चेसिस मात्र जागची हलेना.

मग मुंबईहून कंपनीचं पत्र आलं. सर्व एजन्सींनी आपापल्या भागात 'फ्री सर्व्हिस कॅम्प' घ्यावा. गाडी धुणं, तेल बदलणं, ग्रीस भरणं, ब्रेक आवळणं, या सगळ्याला कंपनीच्या भाषेत सर्व्हिस म्हणतात. वाईचा कॅम्प बघायला कंपनीचे प्रधानसाहेब स्वतः येणार होते. मैदान गाड्यांनी भरलेलं दिसलं तर ठीक, नाही तर सातारा भाग पुण्याच्या दुकानाला जोडून टाकायचा, असा सरळ मजकूर होता.

मी फळ्यावर 'मोफत दुरुस्ती' लिहिणार होतो. पण पत्रात बजावलं होतं की दुरुस्ती हा शब्द वापरू नये. आपली गाडी बिघडते असा लोकांचा समज होतो. सर्व्हिस हाच शब्द लिहावा. मी हुकमाचा ताबेदार. लिहिलं: 'सोमवारी वाईस नदीकाठी मोफत सर्व्हिस. अवश्य लाभ घ्यावा.'

घोळ झाला तो इथं. आमच्या भागात सर्व्हिस म्हणजे प्रवासी मोटार. सकाळची सर्व्हिस गेली, दुपारची सर्व्हिस फुल्ल भरली, असंच सगळे बोलतात. मीही बोलतो. आणि त्या ओळीच्या बरोब्बर वर, मध्ये रेघही न मारता, मी दुसरी बातमी लिहिली होती: 'पलटणीतून सुटलेली आपल्याकडची माणसं सोमवारी दुपारच्या गाडीनं वाठार स्टेशनावर उतरणार.'

वाचणाऱ्यानं दोन्ही ओळी एका दमात वाचल्या. ऐकणाऱ्यांनी त्यांचा एकच अर्थ लावला. सरकारनं पोरांना आणायला वाठारपर्यंत फुकट मोटार सोडलीय. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

हे सगळं मला त्या सकाळी अनसाबाई नावाच्या म्हातारीनं समजावून सांगितलं. ती शेजारच्या वाडीवरनं अंधारात निघून चालत आली होती. तिचा तुकाराम पलटणीत लॉरी चालवायचा. पोरगा गेला तेव्हा तिचे केस काळे होते, असं ती म्हणाली.

मी तिला म्हणालो, "बाई, अशी काही मोटार नाही. इथं मोटारींना तेलपाणी करायचंय."

"मंग ते फळ्यावर ल्हिवलंय ते?"

"ते असंच आहे. मोटारींची सर्व्हिस."

"व्हय की. मोटारीचीच सर्विस. बैलगाडीची कुटं म्हनतोय आमी?"

मी दादासाहेबांकडे बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी मला भरवसा होता की मोटारमालक येतील. तेवढ्यात एक मोटार आलीसुद्धा. तिच्यातून बाबालालशेठ उतरले, तेच मुळी ओरडत.

बाबालालशेठच्या वाई–वाठार रस्त्यावर सर्व्हिस मोटारी होत्या. सगळे मोटारमालक त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत.

"दादासायेब, आमच्या पोटावर पाय द्याया निगालासा व्हय? फुकट सर्विस काडताय? सकाळधरनं माझ्या गाडीत एक मानूस चढलं न्हाई! समदी हितं येऊन बसल्यात. मी बाकीच्या मालकांस्नी सांगून टाकलंय, ह्यांच्या मांडवात कुनी पाय ठेवायचा न्हाई!"

मोटारी का आल्या नाहीत ते आता कळलं. एका शब्दानं माणसं आणली होती आणि त्याच शब्दानं मोटारी घालवल्या होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही. दादासाहेबांनी शेठना हाताला धरून मांडवात नेलं, ग्रीसचे डबे दाखवले, कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. शेठ पोट धरून हसायला लागले.

"म्हंजी माझी गाडी फुकट साफ करून देनार?"

"तेलपाणी, ग्रीस, ब्रेक, समदं," दादासाहेब म्हणाले.

"मंग घ्या की आत! आनी गावातली दुसरीबी आनतो."

हसन मिस्त्री गाडीखाली शिरला. गाडी लढाईच्या काळातली, कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागच्या बाजूला उभं पिंप असायचं, त्यात कोळसा पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवायचा, म्हणजे गॅस इंजिनात जायचा. पेट्रोल नसताना असल्याच गाड्यांनी आमचा मुलूख चालवला. काम सुरू झालेलं बघून मला जरा धीर आला. पण बाया जागच्या हलल्या नव्हत्या.

मी अनसाबाईला म्हणालो, "बाई, मी चुकीचं लिहिलं असं समजा. घरी जा. पोरगा येईलच संध्याकाळपर्यंत."

ती शांतपणे म्हणाली, "येईल की. पर समद्यांच्या आया तितं उभ्या आसतील आनी माजीच नसंल. लय लांबनं आलंय माजं पोरगं. मोटारीला पैसं न्हाईत, आमी चालत निगतो." तिनं गाठोडं उचललं. वाठार वीसेक मैल. दुपारच्या गाडीला ती पोचणं शक्य नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. माझा फळा मला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा नकोसा वाटला.

तेवढ्यात प्रधानसाहेब आले. इस्त्रीची पॅंट, डोक्यावर हॅट. शेठच्या दोन मोटारी, एवढी गर्दी आणि माझा चेहरा त्यांनी एका नजरेत बघितला.

"ही माणसं कोण?"

दादासाहेब चाचरत म्हणाले, "बघायला आल्यात, साहेब."

"बरं. ब्रेक आवळून झाले? मग लोडवर ट्रायल कुठे घेणार?"

हेही सांगायला हवं. ब्रेक आवळले की गाडी भरून चालवून बघावी लागते. रिकामी गाडी कुठलाही ब्रेक थांबवतो. भरलेली थांबली तरच काम झालं म्हणायचं. यालाच लोडवर ट्रायल म्हणतात, आणि त्यासाठी वाळूची पोती भरतात.

"पोती कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

पोती आम्ही विसरलो होतो. दादासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी बायांकडे बघत होतो.

"साहेब, पोती कशाला? एवढा लोड ताटं घेऊन उभा आहे."

"ट्रायल किती लांब घेणार?"

"वाठार स्टेशनापर्यंत. जाऊन येऊन."

साहेबांनी हॅट काढली, डोकं पुसलं आणि विचारलं, "वाठारच का?" मी त्यांना फळ्याची हकीकत सांगितली, 'दुरुस्ती' शब्दासकट. तो हुकूम काढणारे तेच होते. त्यांनी हॅट परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "कंपनीच्या नियमात लोड म्हटलंय. लोड कशाचा ते म्हटलेलं नाही."

बाबालालशेठ पुढं आले. "गाडी माझी, ब्रेक तुमचं. कोळसा कुनाचा?"

"आमचा," दादासाहेब म्हणाले.

"मंग बसा गं समद्या!"

पण त्या लगेच बसल्या नाहीत. गाडी फार मळलेली होती. पोरं असल्या गाडीत बसून घरी येणार? अनसाबाईनं पदर खोचला. बायांनी नदीच्या घाटापासून मैदानापर्यंत रांग लावली, जवळच्या घरांतल्या घागरी हातोहात आल्या आणि बघता बघता दोन्ही मोटारी लख्ख झाल्या. रेडिएटरला कुंकू लागलं. हसन मिस्त्री म्हणाला, "गाडी धुयाचं आमचं काम गेलं रं!" आणि पुढच्या गाडीखाली शिरला. कारण आता गावातल्या दुसऱ्या मोटारीही यायला लागल्या होत्या. एका वकिलाची, एका व्यापाऱ्याची, आणि शेठनी निरोप धाडलेल्या सर्व्हिस मोटारी. नदीकाठ गाड्यांनी भरत चालला होता.

मी पहिल्या मोटारीतून वाठारला गेलो. बाया गाणी म्हणत होत्या आणि मी फळ्याचा विचार करत होतो. फळ्यावरची एक बातमी तर उलटीच लागली होती. दुसरी मला स्टेशनावरच्या एका पोर्टरनं तोंडी सांगितलेली. ती खोटी निघाली तर? या सगळ्या ताटांना मी काय उत्तर देणार होतो? उतारावर ब्रेक कडक लागले. सगळ्यांनी समोरच्या बाकाला धरलं. माझं मात्र ब्रेककडे लक्षच नव्हतं.

आगगाडी उशिरा आली, पण आली. डब्यांच्या दारातून खाकी कपडे दिसले आणि फलाटावर एकच कल्ला झाला. ज्याच्या त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला जायला लागला. अनसाबाई मात्र ताट धरून उभीच होती. डबे रिकामे होत आले. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटच्या डब्यातून एक उंच माणूस उतरला, दुसऱ्याच कुणाची तरी ट्रंक खांद्यावर घेऊन. सगळ्यांचं सामान उतरवून द्यायला तो मागं राहिला होता. त्यानं म्हातारीला बघितलं आणि ट्रंक तिथंच टाकली.

"आये, तू कशी आलीस गं हितवर?"

"फुकट सर्विसनं," ती म्हणाली, आणि मग रडली. मीही रडलो, लपवत कशाला?

परतताना तुकाराम आत बसला नाही. ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहून कान देऊन इंजिन ऐकत होता. उतार संपल्यावर मला म्हणाला, "मास्तर, ब्रेक ब्येस आवळल्यात. कुनाचं काम?"

"आमच्या एजन्सीचं."

"लॉरी हाय का तुमच्याकडं?"

मी जरा सावरून बसलो. "चेसिस आहे. पण ड्रायव्हर कोण मिळणार?"

तो हसला आणि मागं बघून ओरडला, "गड्यांनो, मास्तर इचारत्यात, ड्रायव्हर हाय का कुनी?" अर्ध्या मोटारीनं हात वर केला.

तुकारामानं दोघा जोडीदारांना घेऊन, पलटणीत साठलेला पैसा एकत्र करून ती चेसिस नेली. पलटणीतून सुटलेले आणखीही काहीजण दुकानात यायला लागले. त्यांनी चाकाला लाथ मारली नाही. त्यांनी सरळ बॉनेट उघडलं. दादासाहेबांची एजन्सी त्यांच्याकडेच राहिली आणि भावकीही हळूहळू बोलायला लागली. प्रधानसाहेबांनी वर कळवलं: 'वाई कॅम्प यशस्वी. लोडवर ट्रायल समाधानकारक.' लोड कशाचा होता ते त्यांनी लिहिलं नाही. मला मात्र जाता जाता म्हणाले, "यापुढे दुरुस्ती लिहीत जा."

रिटायर होईपर्यंत मी फळा लिहिला. दोन बातम्यांच्या मध्ये जाड रेघ मारायला पुन्हा कधी विसरलो नाही. दुकानात नवीन सेल्समन आला की मी त्याला एवढंच सांगायचो: रेघ मार. आणि रेघ मारायची राहिलीच, तर निदान ब्रेक नीट आवळलेले असू देत.